पोत्याचं तोंड कोण धरणार?

लोकांना नाही म्हणायचं, हे माझं काम होतं आणि त्याचा मला पगार मिळायचा. नॉटिंगहॅममध्ये कालव्याच्या कडेला एका जुन्या गोदामाच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. वकिलांकडून फाइल यायची: अमक्याने अमुक शोध लावलाय, त्याला पेटंट हवंय, आधी कुणी केलंय का बघा. मी बघायचे. बहुतेक वेळा कुणीतरी केलेलं असायचंच. मग मी तसा रिपोर्ट लिहायचे, खाली सही ठोकायचे, की त्या माणसाच्या स्वप्नावर पाणी. पुण्याहून मेकॅनिकलची डिग्री घेऊन एवढ्या लांब आले ती हे करायला. आई फोनवर विचारायची, "म्हणजे तू नक्की करतेस तरी काय गं?" मी म्हणायचे, "चोऱ्या पकडते." ते तिला फार आवडलं. शेजारपाजारी तिने मी इंग्लंडच्या पोलिसात आहे असं सांगून टाकलं होतं.

माझ्या वाट्याला जुना माल. विसाव्या शतकाची पहिली काही वर्षं, आणि विषय तीन: शेती, रेल्वे, वर्कशॉप. त्या काळात जो तो शोध लावत सुटला होता. लहानपणी गोवर येते तसा प्रत्येक शेतकऱ्याला, फिटरला, स्टेशनमास्तरला एकदा तरी शोध लागायचाच. कोंबड्यांनी एकमेकींचे डोळे फोडू नयेत म्हणून कोंबड्यांना चष्मे. दूध काढताना गाईने शेपटी तोंडावर मारू नये म्हणून शेपटीला चिमटा. रुळावर आलेल्या गाईला इंजिनाने अलगद बाजूला टाकावं म्हणून पुढे लावायची जाळी, आणि तिच्या चित्रात एक गाय हवेत, अगदी शांत चेहऱ्याने, जणू तिकीट काढून बसली आहे. आणि पाने! नट पिळायचे पाने! इतक्या तऱ्हांचे पाने की तेवढे नट जगात नसतील.

मी आधी खूप हसायचे. ऑफिसात माझं हसणं प्रसिद्ध होतं. पण मजकूर वाचायला घेतला की हसू हळूहळू जायचं. सगळ्यांची सुरुवात एकच: मी, अमुक, राहणार अमुक गाव, धंदा शेती, याद्वारे जाहीर करतो की. काय तो थाट! शेपटीचा चिमटा, पण जाहीर करतो म्हणजे करतो. आपल्याकडे माणूस आयुष्यभर काहीतरी जुगाड करत असतो आणि विचारलं तर म्हणतो, "काही नाही हो, जमवलंय कसंतरी." या लोकांना लाज म्हणून नव्हती. मला ते आवडायला लागले होते.

माझा साहेब सत्तरीला टेकलेला इंग्रज. घरी करमत नाही म्हणून कामाला येणारा. कुठलीही नवी वस्तू पाहिली की तो म्हणायचा, हे लिंकनशायरमधल्या कुणीतरी आधीच केलंय. ऑफिसात नवीन कॉफी मशीन आलं तेव्हाही म्हणाला.

आता नवरा. मोबाइलचं जाळं पसरवणाऱ्या एका कंपनीत तो ब्रॅकनेलला होता. सोमवारी जायचा, शुक्रवारी यायचा, आणि आमचा संसार त्यामुळे उत्तम चालला होता. मग टेलिकॉमचा फुगा फुटला. एका गुरुवारी दुपारीच हा दारात उभा. हातात कॅरीबॅग, बॅगेत तीन चार्जर आणि एक चमचा. "झालं," म्हणाला. मी म्हटलं, "होईल काहीतरी." असं म्हणायचं असतं म्हणून म्हटलं.

पुढचे चार महिने तो सोफ्यावर होता. दुपारी टीव्हीवर जुन्या फर्निचरच्या लिलावांचे कार्यक्रम लागायचे, ते बघायचा. "अप्लाय केलंस?" "केलं." केलेलं नसायचं. दाढी वाढली. ठीक आहे, वाढू दे. जेवण कमी झालं. तेही ठीक. पण एक दिवस मी आमटीत मीठच घातलं नाही आणि हा गृहस्थ मुकाट्याने जेवून उठला. बारा वर्षांच्या संसारात असं कधी झालं नव्हतं. आमटीवरून आमच्याकडे महायुद्धं झालेली आहेत. त्या दिवशी मात्र मी सिंकपाशी उभी राहून खरोखर घाबरले. भांडणारा नवरा मला सांभाळता येत होता. न भांडणाऱ्याचं काय करायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

ऑक्टोबरात शेजारच्या आजीबाईंच्या झाडाने आपली सगळी पानं आमच्या अंगणात टाकली. झाड त्यांचं, कचरा आमचा. कौन्सिलने बागेच्या कचऱ्यासाठी मोठी हिरवी पोती दिली होती, पण ती पोती एकट्याने भरता येत नाहीत. एकाने पानं ओढायची आणि एकाने पोत्याचं तोंड उघडं धरायचं. धरणार कोण? मी. रविवार, गार वारा, आणि मी वाकून पोतं धरून उभी.

"नीट धर."

"नीटच धरलंय."

"अगं, तोंड मिटतंय त्याचं!"

"त्याचं मिटतंय, तुझं मिटत नाहीये!" मी म्हटलं, आणि तेवढ्यात त्याने फावडंभर ओली पानं माझ्या गाऊनच्या बाहीत भरली. मी पोतं त्याच्या पायाशी आपटलं. "तुझं पोतं तूच धर! देवाने मला हात काय तेवढ्यासाठी दिलेत?" आणि घरात निघून आले, दार आपटून.

अर्ध्या तासाने खिडकीतून पाहिलं तर हा तिथेच. पोत्याकडे बघत. मग गॅरेजमध्ये गेला. आतून ठोकठोक ऐकू आली. मोडक्या इस्त्रीच्या टेबलाचे पाय, पडद्याचा रॉड, जुन्या सायकलची स्प्रिंग असं काय काय गोळा करून त्याने चार दिवसांत एक चौकट उभी केली. पोत्याचं तोंड चार आकड्यांना अडकवायचं. खाली एक पायपट्टी. पायाने दाबली की आकडे बाहेरच्या बाजूला सरकतात आणि पोतं ताणून बसतं, पुन्हा दाबली की सुटतं. एकच माणूस, दोन्ही हात मोकळे. मी करून पाहिलं. कबूल करायला हवं, फार छान चालायचं ते. आणि कुरकुरही करत नव्हतं, जे माझ्याबद्दल म्हणता येत नाही.

पाचव्या दिवशी त्याने दाढी केली. सहाव्या दिवशी चहा पुढे ठेवला तर म्हणाला, "हा चहा आहे की अंघोळीचं पाणी?" मी आत जाऊन डोळे पुसले. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

मग पेटंटचं वारं शिरलं. चौकटीवर जुनी चादर टाकून ठेवायला लागला. गॅरेजला कुलूप. शेजारच्या आजीबाई ऐंशी वर्षांच्या, काठी घेऊन चालणाऱ्या, त्यांच्याकडेसुद्धा संशयाने बघायचा. आणि एका सकाळी मला म्हणाला, "सर्च तू कर. घरात डॉक्टर असताना माणूस बाहेर जातो का?" तुझा रिपोर्ट आला की नवीन वर्षात अर्ज टाकतो, म्हणाला. नेटवर स्वतः शोधायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही. माझ्यावर त्याचा एवढा भरवसा होता.

दुसऱ्या दिवशी लंचच्या सुट्टीत मी बसले. एका हातात पोळीची गुंडाळी, दुसऱ्या हातात माउस. वीस मिनिटं लागली, फक्त वीस. पोती धरायच्या चौकटी चिक्कार निघाल्या. धान्य भरायला, बटाटे भरायला, लोकर भरायला. कुणाची तिपाई, कुणाची भिंतीला टांगायची. मी मनात म्हणत होते, पायपट्टी नसू दे, पायपट्टी नसू दे. आणि आलीच. चार आकडे, स्प्रिंग, पायपट्टी, सगळं जसंच्या तसं, बारीक सुंदर रेघांचं चित्र, आणि खाली शोध लावणारा कोण? लिंकनशायरचा शेतकरी. साहेबाच्या नावाने मी खडे फोडले. त्या शेतकऱ्याने कारणही लिहिलं होतं की पोत्याचं तोंड धरायला जो दुसरा माणूस लागतो, त्याची गरज राहू नये. तो दुसरा माणूस त्याची बायको होती याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तिनेही एक दिवस पोतं आपटलं असणार.

मी प्रिंट काढली, घडी घालून पर्समध्ये डब्याखाली ठेवली. आज संध्याकाळी सांगायचं, एकदाचं. घरी आले तर याने दार उघडलं, केसांत लाकडाचा भुसा, आणि आतून पोह्यांचा वास. पोहे! चार महिन्यांत स्वतःच्या पाण्याचा ग्लास उचलला नव्हता त्याने. "काय, सापडलं काही?" त्याने विचारलं.

"बघतेय अजून. जुनं रेकॉर्ड फार आहे रे."

पुढचे तीन आठवडे तो कागद माझ्याबरोबर ऑफिसला जाऊन येत होता. ऑफिसात मी रोज दोन-तीन शोधकांचे गळे कापत होते, मध्ये डबा खात होते आणि मला काही होत नव्हतं. घरी एका माणसाला एक वाक्य सांगवत नव्हतं. माझी भीती साधी होती. कंपनीने त्याला सांगितलं होतं की तुझी गरज नाही. आता मीही सांगायचं की तुझ्या डोक्यातून जे एक निघालं, तेही कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी करून बसलंय? हा परत सोफ्यावर गेला तर उठणार नाही, हे मला दिसत होतं.

शेवटी साहेबाला विचारलं. माझ्या एका मैत्रिणीचा नवरा आहे, वगैरे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, मैत्रिणीला सांग, अर्ज टाकण्याआधी कुणालाही दाखवू नका म्हणावं. एकदा का चारचौघांत दाखवलं की शोध जगाचा झाला, मग पेटंट विसरा. एका माणसाने गावच्या फुलांच्या प्रदर्शनात फुशारकी मारायला आपली ढकलगाडी मांडली, तर तिथेच त्याचा निकाल लागला. साहेब बिचारा धोका सांगत होता. माझ्या डोक्यात मात्र लख्ख प्रकाश पडला.

कारण बघा. शंभर वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याने हरवलं असं कळलं तर नवरा मूर्ख ठरणार. चारचौघांत दाखवल्याने पेटंट हुकलं असं कळलं तर तो फक्त दुर्दैवी ठरणार. आणि मराठी माणसाला दुर्दैवी व्हायला आवडतं. 'थोडक्यात हुकलं' यावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या आहेत.

चारचौघं कुठे मिळतील हा प्रश्नच नव्हता. आमचं मंडळ होतं, मंडळाची दिवाळी होती. मी सेक्रेटरीबाईंना फोन केला आणि मुलांचा नाच आणि नाट्यगीत यांच्यामध्ये दहा मिनिटं मागून घेतली. नवरा आधी तयार होईना. "कायद्याने चालेल ना? गुप्त ठेवायचं असतं म्हणतात."

"अरे, मंडळ म्हणजे घरचीच माणसं!" मी म्हटलं. "घरच्यांना दाखवलं तर काय होतंय?"

कायद्याच्या लेखी, गुप्ततेचा शब्द न दिलेला एक माणूससुद्धा जग असतो. हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण आपल्या माणसाला हे खरंच वाटत नाही. ज्यांनी आपल्याकडे येऊन साबुदाण्याची खिचडी खाल्ली, ते जग कसे असतील? त्याला पटलं. इतक्या चटकन पटलं की मलाच वाईट वाटलं.

शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला. नवरा झब्बा-जाकिटात, स्टेजवर चौकट, वर चादर. आमच्या अंगणातली दोन पिशव्या पानं त्याने शाळेच्या चकचकीत जमिनीवर ओतली आणि सेक्रेटरीबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. मग त्याने चादर ओढली. पायपट्टी दाबली, पोतं खाड्‌कन ताणलं गेलं. दोन मिनिटांत पानं आत. पुन्हा पाय, पोतं मोकळं. टाळ्या! अशा टाळ्या त्या हॉलमध्ये नाट्यगीताला कधी मिळालेल्या नाहीत. आणि मग अर्थातच सूचना. "चाकं लावा हो याला." "घडी झाली पाहिजे." "रंग बदला, माझं ऐका." एकाने तर पोत्याचीच पद्धत चुकीची आहे असं सांगितलं. नवरा सगळ्यांना उत्तरं देत होता, गाल लाल झालेले, आवाज चढलेला. मी त्याला लग्नाच्या आधी असा पाहिला होता.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक काका उठले. निवृत्त डॉक्टर, आयुष्य ग्लासगोला काढून आता मुलीकडे राहायला आलेले. हळू बोलणारे, पण बोलले की सगळे ऐकणार. "फार छान," ते म्हणाले. "मला एक आठवण झाली. ग्लासगोच्या आधी मी लिंकनशायरच्या एका खेड्यात नोकरीला होतो. तिथे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या कोठारात अगदी हुबेहूब..."

"जेवण तयार आहे!" मी किंचाळले. "गरम पुऱ्या! गरम गरम पुऱ्या! चला!"

सगळा हॉल उठला. मराठी माणूस भाषण अर्धवट ऐकेल, पण गार पुरी खाणार नाही. खुर्च्यांच्या आवाजात काकांचं वाक्य कुठल्या कुठे वाहून गेलं. सेक्रेटरीबाई माझ्याजवळ येऊन दात-ओठ खात म्हणाल्या, "अहो, तेलसुद्धा तापलेलं नाहीये!" मी पदर खोचून स्वयंपाकघरात घुसले आणि शंभर माणसांच्या पुऱ्या लाटल्या. काका जेवताना पुन्हा विषय काढतील म्हणून त्यांना मी स्वतः श्रीखंड वाढत राहिले. त्यांना मधुमेह होता, हे नंतर कळलं.

सोमवारी पर्समधला तो कागद ऑफिसच्या श्रेडरमध्ये घातला. आता आठ-दहा दिवसांनी कपाळावर हात मारून म्हणायचं, "अरे देवा, मंडळाला दाखवायला नको होतं, माझ्या लक्षातच आलं नाही!" एवढा माझा बेत. पण नवरा इंजिनिअर. त्याने लायब्ररीतून अर्जाची माहितीपुस्तिका आणली आणि ती वाचली. वाचतं का कुणी? याने वाचली. मी कणीक मळत होते. तो दारात येऊन उभा राहिला, बोट पुस्तिकेच्या पानात.

"तुला हे माहीत होतं."

"अरे देवा," मी म्हटलं, "लक्षातच..."

"तुझ्या? तुझ्या लक्षात आलं नाही?"

माझा बेत तिथेच कोसळला. माझ्या हुशारीवर या माणसाचा इतका विश्वास होता की मी विसरले हे तो कधीच मानणार नव्हता. मग मुद्दाम केलं. मुद्दाम केलं तर का? कारणं दोनच होती. एक खरं. दुसरं मला तिथे, कणकेच्या हातांनी, उभ्या उभ्या बनवावं लागलं.

"हो, मुद्दाम केलं," मी म्हटलं. "पेटंट, पेटंट करत गॅरेजमध्ये आयुष्य काढलं असतंस. नोकरी शोधली नसतीस."

त्याने पुस्तिका मिटली. "म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नव्हता."

"नव्हता," मी म्हटलं. मला रडायला येत होतं, आणि रडले असते तर सगळं बाहेर आलं असतं, म्हणून मी कणीक तिंबत राहिले. त्या दिवशीच्या पोळ्या इतक्या मऊ झाल्या, आणि त्यातली एकही त्याने खाल्ली नाही.

आठ दिवस अबोला. मंडळात मात्र त्याने सगळ्यांना सांगितलं. हिने बुडवलं, जाणूनबुजून. मार्गशीर्षातल्या एका हळदीकुंकवाला मी आत शिरले तर बोलणं थांबलं. एकीचं शेवटचं वाक्य मला ऐकू आलं. काही बायकांना नवऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही, असं ती म्हणत होती. मी वाण घेतलं, हसले आणि घरी आले. घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

पण राग ही गोष्ट माणसाला सोफ्यावरून उठवायला फार उपयोगी. दात-ओठ खात त्याने अर्ज पाठवायला सुरुवात केली. मला दाखवून द्यायचं होतं ना! "बघच तू," असं प्रिंटरला म्हणायचा, कारण माझ्याशी बोलत नव्हता. इंटरव्ह्यूला गेला तिथे पॅनेलने विचारलं, हे मधले महिने काय केलंत? तर याने कागदावर चौकट काढून दाखवली आणि पाऊण तास तेच बोलला. त्यांनी घेतलं त्याला. नोकरी ग्लासगोला.

फेब्रुवारीत मी त्याला सोडायला स्टेशनवर गेले. आम्ही बोलायला लागलो होतो, पण कामापुरतं. किल्ली घेतलीस का, डबा वरच्या कप्प्यात आहे, असलं. सकाळची थंडी, प्लॅटफॉर्मवर तो हात खिशात घालून उभा, माझ्याकडे न बघता. गाडी समोर दिसायला लागली तेव्हा अचानक म्हणाला, "एक विचारू? त्या सर्चचं तू मला शेवटपर्यंत सांगितलं नाहीस. आता तरी खरं सांग. नवीन होतं का ते?"

इतकी वर्षं मी सह्या केल्या, त्यातला एकही रिपोर्ट खोटा नव्हता.

"होतं," मी म्हटलं. "सगळं रेकॉर्ड पाहिलं मी. तुझ्याआधी कुणीच केलेलं नव्हतं."

त्याने मान हलवली. डोळे भरून आले होते त्याचे, वारा लागल्यासारखं करून पुसले. गाडी थांबली, त्याने बॅग उचलली.

"तेवढं तरी खरं बोललीस," म्हणाला, आणि डब्यात चढला.